निर्याणाचं पान

“आणि चौथ्या प्रकरणात काय होतं, गुरुजी?”

माईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

सुधाकर उदावंतनं तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या उचलला. तांब्या मघाशीच रिकामा झाला होता.

“चौथं अजून... म्हणजे, विचार चाललाय.”

“किती दिवस?”

“आठ वर्षं.”

माई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

साळेगव्हाणचा मठ म्हणजे नदीकाठच्या तीन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि अंगणात एक लिंबाचं झाड. इथे जत्रा भरत नाही, नवसही बोलत नाहीत. इथे अडीचशे वर्षं एकच काम चालत आलंय. मठाच्या पहिल्या पुरुषाला मूळबाबा म्हणतात. ते कुठे कसे गेले, काय जेवले, कुणावर रागावले, कुणाला काय बोलले, हे सगळं एका पोथीत लिहिलेलं आहे. त्या पोथीची बोरूनं नक्कल करायची, ती झाली की दुसरी करायची. एक माणूस आयुष्यभर हेच करतो आणि जाताना बोरू पुढच्याच्या हाती देतो.

माई त्यातल्या शेवटच्या. वय शहाऐंशी. साठ वर्षं रोज एक पान, अशा सात पोथ्या त्यांच्या हातच्या. तीन वर्षांपूर्वी डोळे गेले. आता त्यांना उजेड कुठे आहे आणि सावली कुठे, एवढंच कळायचं. पुढच्या हातात बोरू द्यायला पुढचं कुणी आलंच नव्हतं.

सुधाकर तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचा. वय शेहेचाळीस. पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या एका कथेला दिवाळी अंकाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते कात्रण प्लास्टिकच्या पाकिटात घालून तो पिशवीत बाळगायचा. तेव्हापासून तो स्वतःची ओळख लेखक अशी करून द्यायचा, आणि कुणी ओळख विचारली नाही तरी करून द्यायचा. मठात आल्याआल्या त्यानं ते कात्रण माईंच्या हातात ठेवलं होतं. त्यांना दिसत नाही हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

अलीकडे मात्र कुणी “नवीन काय लिहिताय?” असं विचारलं की तो घाईनं विषय बदलायचा.

उपाय करायचे त्यानं काही बाकी ठेवले नव्हते. पहाटे चारला उठून पाहिलं. टेबल खिडकीकडे नेलं, परत भिंतीकडे आणलं. कॅलेंडरवर रोज लिहिलेल्या दिवसाला फुली मारून पाहिली. एका शिबिरात तर कुणी सांगितलं, रोज हजार शब्द लिहा, बाकी आपोआप होतं. त्यानं हजार शब्द लिहिले. दुसऱ्या दिवशीही लिहिले. सगळे पहिल्या प्रकरणाचेच होते.

गेला महिनाभर तर त्याला पेनच धरता येत नव्हतं. वहीपुढे बसला की तळव्यांना घाम सुटायचा, छातीत धडधडायला लागायचं, आणि तो उठून मुलांच्या निबंधांचा गठ्ठा तपासायला घ्यायचा. तपासताना हात अगदी स्थिर असायचा.

मग कुणीतरी साळेगव्हाणच्या माईंचं सांगितलं. साठ वर्षं, रोज एक पान. शनिवारची सकाळची शाळा सुटली तशी त्यानं बस धरली. मनाशी ठरवूनच आला होता. इथंही काही झालं नाही तर जाताना पुलावरून वही नदीत टाकायची आणि लेखक हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. या विचारानं त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत मात्र होती नुसती भीती.

“वही द्या बघू,” माईंनी हात पुढे केला.

त्यानं नाखुशीनंच दिली. माईंनी ती उघडली नाही. दोनशे पानांच्या त्या जाड वहीच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. एका जागी थांबल्या.

“इथवर मऊ लागायलीय. जुन्या लुगड्यासारखी... आणि इथून पुढं करकरीत. कधी बोटसुद्धा लागलं नाही.”

“मी रोज सुरुवातीपासून वाचतो,” सुधाकर म्हणाला. “वाचता वाचता सुधारत जातो. त्याशिवाय पुढची लय सापडत नाही.”

“रोज?”

“रोज.”

“मग लय सापडती का?”

“सापडते ना.”

“मग?”

“मग शाळेची वेळ होते.”

या वेळी माई हसल्या. बोळक्या तोंडानं, खांदे हलवत हसल्या. सुधाकरला आता ते आवडलं नाही.

“तुमचं बरं होतं, माई,” तो जरा घुश्शातच म्हणाला. “तुमच्यापुढं लिहिलेलं पान असायचं. तुम्हाला ते फक्त उतरवायचं.”

“खरंय.”

“चूक झाली तरी पुसून टाकायचं.”

“पुसत नाही आम्ही. हरताळ लावतो.” माईंनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथे एक पितळी डबी होती. “पिवळा लेप असतो. चुकलेल्या अक्षरावर द्यायचा, वाळला की त्यावर नवं अक्षर. पण ती डबी पोथी पुरी झाल्यावर उघडायची. त्याच्या आधी नाही.”

“म्हणजे चूक दिसत असताना तशीच पुढं जायचं?”

“व्हय.”

सुधाकरच्या खिशाला लाल पेन होतं. त्याचा हात नकळत तिकडे गेला.

“मला जमणार नाही ते.”

“भीती वाटती?”

“भीती नाही हो.” त्याचा आवाज चढला. “आळस म्हणा, मन लागत नाही म्हणा. भीती कसली? मी काही नवशिका नाही. मला नेम सांगा एखादा. मंत्र सांगा. रोज बसायचं बळ तुम्ही कुठून आणलं, एवढंच विचारायला आलोय.”

माई ऐकत होत्या. त्यांची मान थोडी तिरकी झाली होती.

“चौथ्या प्रकरणात काय होतं?” त्यांनी विचारलं.

बाहेर लिंबावर कावळा ओरडत होता. तो उडून जाईपर्यंत सुधाकर त्याच्याकडे बघत राहिला.

मग त्यानं ठरवलं, सांगून टाकू. गोष्ट तर आहे, सांगायला काय जातंय?

“मंजिरी म्हणून एक मुलगी आहे. बारा वर्षांची. गाव दुष्काळी. पहिल्या प्रकरणात ती सागरगोटे खेळते. तिला कुणी हरवू शकत नाही. दुसऱ्यात तिच्या मावशीचं लग्न आहे. तिसऱ्यात... तिसऱ्यात गावातल्या विहिरी आटतात. प्रकरणाच्या शेवटी ती कळशी घेऊन दारात येते.”

“कुठं निघाली?”

“बारवेवर. पाण्याला.”

“मग जाती का?”

“जाणार आहे.”

“एकलीच?”

सुधाकरच्या तळव्यांना घाम सुटला होता. ही ओळखीची धडधड इथे, वही मिटलेली असताना, कुठून आली ते त्याला कळेना.

“आईनं सांगितलं होतं,” तो म्हणाला. “तिला एकटी सोडू नको, संगं जा.”

“कुणाच्या आईनं? मंजिरीच्या?”

“वच्छाक्काच्या. म्हणजे...”

तो थांबला.

सदतीस वर्षांत थोरल्या बहिणीचं हे नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता.

माईंनी वही मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

“मी नऊ वर्षांचा होतो,” सुधाकर खाली बघत बोलायला लागला. “शाळेच्या पेटीतलं गोष्टीचं पुस्तक आणलं होतं. दहाच पानं राहिली होती. आक्का दारात आली. कमरेवर कळशी. येतोस का रे, म्हणाली. मी मान वर केली नाही. तू हो पुढं, मी आलोच, म्हणालो...”

“मग?”

“दहा पानं वाचून काढली.”

“मग?”

“मग ओरडा ऐकू आला.”

बारवेत पाणी तळाला गेलं होतं आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. हे तो बोलला नाही. त्याला बोलवेना. आईनं पुढे आयुष्यभर त्याला एक शब्दही विचारला नाही, हेही तो बोलला नाही.

“तिसऱ्या प्रकरणात ती हसतीय, माई,” तो म्हणाला. “शेवटच्या ओळीत ती विचारते, येतोस का रे? आणि मी तिथंच थांबतो. दुसऱ्या दिवशी परत पहिल्या पानावर जातो. परत सागरगोटे. मी पुढं लिहिलं, की ती मरेल. आणि मी आत बसून वाचत होतो, हे सगळ्यांना कळेल.”

त्याला रडू फुटलं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस परक्या खोलीत भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. माईंनी त्याला गप्प केलं नाही, की पाठीवर हातही फिरवला नाही.

बऱ्याच वेळानं त्या भिंतीला धरून उठल्या.

“दार लोट, लेकरा. वारा नको.”

त्यांच्या बोलण्यातलं ‘गुरुजी’ गेलं होतं. ‘तुम्ही’ही गेलं होतं.

आतल्या खोलीतल्या पेटीतून त्यांनी एक लाल रुमालाची गाठोडी आणली. ती आणताना त्यांची पावलं इतकी जपून पडत होती की सुधाकर डोळे पुसायचे विसरला. त्यांनी गाठोडी चौरंगावर ठेवली. रुमाल सुटला, आणि ओल्या मातीचा, कुजकट वास खोलीभर झाला.

“ही मूळ पोथी. बाबांच्या जवळ बसणाऱ्यानं लिहिलेली. हिच्या मी सात नकला केल्या. सातही अपुऱ्या.”

“अपुऱ्या?”

“बाबा गेले त्या दिवसाचं एक पान आहे, शेवटचं. निर्याणाचं पान म्हणतात. ते कुणी उतरवायचं नाही, अशी इथली रीत. माझ्या गुरूंनी सोडलं, त्यांच्या गुरूंनी सोडलं. आमच्या सगळ्या पोथ्यांत बाबा नदीवरून परत येतात, वडाखाली टेकतात... आणि पोथी संपती.”

“पण का?”

“उतरवलं, की बाबा जातील.”



“मग तुम्ही ते वाचलंय तरी का?”

“डोळे होते तवा धीर नव्हता,” माई म्हणाल्या. “वीस वर्षांची होते, तवा गुरूंनी ही गाठोडी हातात दिली. म्हणाले, शेवटचं पान धड आहे, सांभाळ. मी सांभाळलं. कधी उलटलंच नाही. दरसाल पानं उन्हाला ठेवायची, तवासुद्धा ते तसंच मिटून ठेवायची. रोज वाटायचं, आज बघावं. रोज भ्यायची... मग डोळेच गेले. मागल्या साली या कोपऱ्यात छप्पर गळलं आणि गाठोडी भिजली.”

त्यांनी वरची पानं एकेक करून बाजूला ठेवली. शेवटचं पान खालच्या लाकडी फळीला चिकटून बसलं होतं. उजवीकडे कसरीनं खाऊन त्याची चाळण झाली होती. त्याची लिहिलेली बाजू खाली होती.

“मी सोडवते. वर आलं की ते मोडणार. मोडायच्या आत तू वाचायचं आणि लिहायचं. परत वाचायला ते राहणार नाही.”

“मी?” सुधाकर मागेच सरकला. “नाही, माई. नाही. शहरात याची जाणती माणसं असतात. निदान फोटोवाला तरी आणू तालुक्याहून. मी सोमवारी...”

“सोमवारी मला धीर असेल का?”

सुधाकर दाराकडे बघायला लागला.

“आज आलाय,” माई म्हणाल्या. “तुझं ऐकून आलाय. उद्याचं मला माहीत नाही. बस.”

त्यांनी चाचपडत बोरू आणि दौत पुढे सरकवली. सातव्या पोथीचं शेवटचं पान त्याच्यापुढे ठेवलं. त्यावर निम्म्यापर्यंत माईंची काळीभोर, गोल अक्षरं होती. बाबा नदीवरून परत आले होते. वडाखाली टेकले होते. खाली पान कोरं होतं.

सुधाकरनं बोरू शाईत बुडवला.

“कच्च्या कागदावर घेऊ का आधी?”

“नाही.”

“माई, माझ्याच्यानं चूक झाली तर...”

“होईल. वाच.”

माईंनी नखं पानाखाली घातली. त्या शहाऐंशी वर्षांच्या बोटांना कंप होता, पण पानाला लागताच तो थांबला. पापुद्रा सुटल्यासारखा आवाज झाला. पानाची कड वर आली आणि सुधाकर वाकला. अक्षरं फिकी, तांबूस झाली होती.

“मग... बाबा वडातळीं बैसले,” त्यानं वाचलं. “उन्हें कलती जालीं.”

“लिही.”

त्यानं लिहिलं. वर पाहिलं तर वाचलेल्या ओळीचा तुकडा पडून गेला होता. चौरंगावर तपकिरी चुरा सांडला होता. ती ओळ आता जगात फक्त त्याच्या अक्षरात होती. 

“थांबू नको,” माई म्हणाल्या.

“अवघे भिक्षेसि गेले होते. मी येकला जवळी होतों.”

“कोण? लिहिणारा?”

“लिहिणाराच असणार.”

“लिही, लिही.”

पान आणखी वर आलं. मधोमध चीर गेली. सुधाकर आता ओरडल्यासारखा वाचत होता.

“बाबासि धाप लागली. मज भय वाटलें. परि मी उठिलों नाही.”

भय लिहिताना बोरूतून शाईचा मोठा थेंब पडला. अक्षर बुजलं. सुधाकरचा हात जागीच थबकला, तो थेंब टिपायला, अक्षर नीट करायला, ओळ पहिल्यापासून पुन्हा लिहायला. आठ वर्षं तो हात हेच करत आला होता.

समोर पानाचा डावा कोपरा गळून पडला.

“हरताळ मागाहून!” माई जवळजवळ किंचाळल्या. “पुढं वाच!”

तो तसाच पुढे गेला. परि मी उठिलों नाही. आता शेवटच्या दोन ओळी.

“मग बाबां म्हणितलें...”

“काय?”

सुधाकर आणखी खाली वाकला.

“काय म्हणाले, लेकरा?”

तिथे भोक होतं. अंगठ्याएवढं. कसरीनं ओळीचा तेवढा भाग आरपार खाल्ला होता, आणि त्यातून माईंच्या लुगड्याचा पांढरा रंग दिसत होता.

माईंचा चेहरा त्याच्याकडे वळलेला होता. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. साठाहून जास्त वर्षं ज्या पानाला ती बाई उशाशी घेऊन झोपली, त्या पानातला एवढाच शब्द तिला हवा होता.

आणि सुधाकरला वाक्य सुचलं.

खरंच सुचलं. आठ वर्षांत सुचलं नव्हतं इतकं सुरेख, जुन्या वळणाचं, अगदी बाबांना शोभणारं वाक्य आपोआप जिभेवर आलं. माईंना दिसत नव्हतं. पान तर मोडणारच होतं. कुणाला कधी कळलं नसतं, आणि म्हातारी सुखानं मेली असती.

त्याला त्या वाक्याचीच भीती वाटली.

“माई...” तो म्हणाला. “इथं भोक आहे.”

“भोक?”

“कसरीनं खाल्लंय. बाबा काय म्हणाले, ते गेलंय.”

माईंची बोटं हलली नाहीत. पान त्यांनी तसंच अधांतरी धरून ठेवलं. 

“जागा सोड,” अखेर त्या म्हणाल्या.

“किती?”

“भोकाएवढी.”

त्यानं अंगठ्याएवढी जागा सोडली.

“आता पुढचं.”

“ऐसें म्हणौनि डोळे झांकिले. मग म्यां हें लिहिलें.”

“लिही.”

त्यानं लिहिलं. शेवटच्या अक्षराची मात्रा ओढली तेव्हा माईंच्या हातात नखभर कपटा उरला होता. तोही त्यांनी उघड्या रुमालावर ठेवला. मग चौरंगावरचा चुरा तळहातानं गोळा करत राहिल्या. कण सापडेना झाले तरी हात फिरत होता.

“मी वीस वर्षांची होते तवा ते धड होतं,” त्या म्हणाल्या. “त्यात शब्द होता.”

सुधाकरनं बोरू खाली ठेवला.

“एक जण भीत भीत का होईना, बसून राहिला त्यांच्यापाशी. आणि आम्ही? एवढे सगळे... आम्ही बाबांना तिथं एकलं टाकून आलो. जाऊ नयेत म्हणून.”

त्या रडत होत्या. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी त्यांतून पाणी येत होतं. सुधाकरनं त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. त्याचाही तसाच होता.

ऊन पडवीच्या उंबऱ्यापर्यंत आलं. शाई वाळली. लांब फाट्यावरून बसचा हॉर्न ऐकू आला, येणाऱ्या बसचा. ती गावात जाऊन परत फिरेपर्यंत अर्धा तास होता.

माईंनी कोनाड्यातली पितळी डबी चाचपून काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

“पोथी पुरी झाली. आता लाव तुझ्या त्या डागावर.”

सुधाकरनं पानाकडे पाहिलं. आधी माईंची गोल अक्षरं, मग त्याची वेडीवाकडी. मध्ये काळा डाग, खाली कोरी जागा. खूप कुरूप दिसत होतं ते. त्यानं डबीचं झाकण काढलं. आतला लेप वाळून खडा झाला होता.

“भिजवायला लागेल,” तो म्हणाला.

“भिजव सावकाश. पान कुठं जात नाही आता.”

त्यानं डबीत चार थेंब पाणी घातलं. लेप ढवळून त्यानं डागावर पिवळा हात दिला, वाळू दिला, आणि वर नीट भय लिहिलं. खालचा काळा डाग तरीही थोडा दिसतच होता. माईंना त्यानं तसं सांगितलं. त्या नुसत्या हं म्हणाल्या.

मग त्यानं पिशवी आवरली. माईंच्या मांडीशेजारची वही उचलली, आणि ती हातात आल्याबरोबर छातीतली धडधड परत सुरू झाली. अगदी पहिल्यासारखी. काहीएक कमी झाली नव्हती.

तो दारात थांबला. पाठमोराच बोलला.

“माई, मला अजून तितकीच भीती वाटतेय.”

“मला पण.”

“पुलावरून जाताना माझा हात...” त्यानं वही घट्ट धरली. “मी काय करू? निदान एवढं तरी सांगा.”

माईंनी उजेडाच्या दिशेनं तोंड केलं. तिथे तो उभा होता, आणि त्याच्या पलीकडे अंगणात रखरखीत ऊन होतं. त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या, जणू काही दिसतच होतं.

“पोरगी आठ वर्षं दारात उभी आहे, लेकरा,” त्या म्हणाल्या. “कळशी घेऊन, उन्हात...”

“हो.”

“या वेळी तिच्यासंगं जा.”